सतरा नंबरच्या खुर्चीत बसलेली माणसे

मित्रांनो, माझ्या उजव्या हाताच्या नळीवर पांढऱ्या रंगाने १७ हा आकडा लिहिलेला आहे. त्यातला सात आता अर्धा उडाला आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला तो अकरा वाटतो. पण मी सतराच. मी एक जुनी व्हीलचेअर आहे. चौदा वर्षे मी मुंबईच्या विमानतळावर काम केले. ज्यांना एकदा पाहायला मिळावे म्हणून लोक फाटकाबाहेर ताटकळत उभे राहतात, अशी कितीतरी माणसे माझ्यात बसून गेली. त्यांतल्या काहींची गोष्ट आज सांगते.

माझा जन्म अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. एका कारागिराने नळ्या वाकवल्या, दुसऱ्याने त्या जोडल्या, तिसऱ्याने चाके बसवली. बसायचे निळे रेक्झिन एका बाईने शिवले. ती शिवून झाले की स्वतः बसून पाहायची, "कंबरेला रुततंय," असे पुटपुटायची, टाके उसवायची आणि पुन्हा घालायची. कोणी सांगितले नसताना तिने हे तीनदा केले. तिचे नाव मला कळले नाही, पण पुढे इतकी माणसे आरामात बसली ती तिच्यामुळे.

शेडपासून विमानतळ जवळच होता. टेम्पोत चढले आणि अर्ध्या तासात कामावर हजर झाले.

मित्रांनो, खुर्चीला बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. मला कळते ती त्याची पाठ आणि त्याचे हात. घाबरलेला माणूस माझ्या हातांची टोके घट्ट धरतो. रागावलेला माणूस पाठ टेकत नाही. कोण प्रसिद्ध आणि कोण नाही, हे मला नंतर कळायचे. जिन्याखाली आमची रांग लावायची जागा होती. तिथेच आम्हाला ढकलणाऱ्या मुली डबे खायला बसत आणि दिवसभराच्या गप्पा मारत.

मला ढकलणाऱ्या पुष्कळ होत्या. त्यांतल्या दोघींविषयी सांगायला हवे. मालन वयाने मोठी. तिचे माहेर कोकणातले, वडील गिरणीत होते आणि आता ती मुलुंडला राहायची. तोंडाने फटकळ, पण चढावर खुर्ची नेताना तिच्या हातून कधी कोणाला धक्का बसला नाही. दुसरी चेतना. तिच्या आईवडिलांनी जालन्याहून येऊन घाटकोपरला संसार मांडला होता. सकाळी ती मेट्रोने अंधेरीला यायची आणि पुढे रिक्षाने. ती आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिची एक सवय मला पहिल्याच दिवशी आवडली. मागून येऊन ती एकदम ढकलायला लागायची नाही. आधी समोर यायची, वाकायची आणि म्हणायची, "मी चेतना. आता आपण निघतोय हं." मगच माझे ब्रेक सोडायची.

माझ्यात बसलेले पहिले मोठे माणूस म्हणजे एक ढोलकीवादक. त्यांच्या घोट्याला प्लास्टर होते. सुरक्षा तपासणीची रांग लांबली तशी त्यांची बोटे माझ्या हातांवर वाजू लागली. आधी हळू, मग जोरात. माझ्या नळ्या पोकळ, त्यामुळे आवाजही छान घुमला. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. एका आजोबांनी मान डोलावली. तपासणी करणारा जवान मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, वाद्य आधी मशीनमधून जाऊ द्या." सगळे हसले, तेही हसले. माझ्या अंगातून असा सूर निघू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. मोठ्या कलावंताच्या हाताला काय, काहीही चालते!

रुक्मिणीची गोष्ट वेगळी. ती वजन उचलणारी खेळाडू. मालवणकडच्या एका खेड्यातून निघून परदेशातल्या स्पर्धेपर्यंत पोहोचली होती. त्या वेळी शेवटच्या प्रयत्नात तिचा गुडघा गेला आणि पदकही गेले. विमानाच्या दारात चेतना मला घेऊन उभी होती. रुक्मिणीने माझ्याकडे पाहिले आणि नवऱ्याशी भांडावे तशी भांडायला लागली.

"माका नको ती खुर्ची. माजे पाय आसत मा?"

"आहेत ना ताई," चेतना म्हणाली. "म्हणूनच जपायचे."

रुक्मिणीने गुडघ्याकडे पाहिले. थोड्या वेळाने ती बसली. तिच्या तळहातांना घट्टे होते. माझ्या हातांवर ते खरखरत होते. अर्ध्या वाटेवर ती हळूच म्हणाली, "एकशे दोन किलो उचललंय गो मी. आणि दोन पायऱ्यो चढूक जमणा नाय."

बाहेरच्या काचेच्या दाराआधी तिने थांबायला सांगितले. पलीकडे तिची आई उभी होती. पहिल्यांदाच मुंबईला आलेली, हातात अबोलीचा गजरा घेतलेली. रुक्मिणीला आईसमोर चालत जायचे होते. चेतनाने माझे दोन्ही ब्रेक लावले. रुक्मिणी माझ्या हातांवर जोर देऊन उठली. मित्रांनो, माझ्यावर अनेकांनी भार टाकला आहे, पण तसा जोर पुन्हा कोणी लावला नाही. ती अकरा पावले चालली. चेतना मला घेऊन तिच्या मागे एका पावलावर होती. आईने मिठी मारली, गजरा माळला, आणि मग रुक्मिणी मागे न पाहता बसली. मी तिथे असणार, याची तिला खात्री होती. दोन वर्षांनी तिला पदक मिळाले, तेव्हा मालनने ती बातमी मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे एक कडक नियम होता. प्रवासी कितीही प्रसिद्ध असो, त्याच्यासोबत फोटो काढायचा नाही, सही मागायची नाही आणि त्याच्याबद्दल बाहेर बोलायचे नाही. चेतनाने तो कधी मोडला नाही. पण तिच्यावर जो प्रसंग आला तो नियम पाळण्यातूनच आला.

एका दुपारी मृणालिनीबाई आल्या. मराठी रंगभूमीवर त्यांनी पन्नास वर्षे काम केले होते. ज्यांनी त्यांची नाटके पाहिली नव्हती, त्यांनीही त्यांचा आवाज कुठेतरी ऐकलेला असे. सोबत त्यांची लेक रश्मी होती. चेतनाची आई मृणालिनीबाईंची फार चाहती. 

तपासणी झाल्यावर रश्मीच्या लक्षात आले की औषधांची पिशवी तिथल्या ट्रेमध्येच राहिली. ती म्हणाली, "मी पाच मिनिटांत येते. आईला एकटं सोडू नका हं." आणि ती धावत गेली.

तेवढ्यात कोणीतरी बाईंना ओळखले. आधी दोघे आले, मग दहा, मग पंचवीस-तीस माणसे जमली. सगळे प्रेमाने आले होते, हे मी मुद्दाम सांगते. एक गृहस्थ मोबाइल अगदी बाईंच्या तोंडाजवळ धरून म्हणाले, "बाई, ते पत्र फाडतानाचं वाक्य म्हणा ना! फक्त एकदा! माझ्या बायकोला पाठवायचंय."

बाई हसल्या. त्यांनी श्वास भरून घेतला. पण वाक्य आले नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पहिले दोन शब्द आले आणि तिथेच थांबले. मग त्या इकडेतिकडे पाहू लागल्या. "आज कुठला प्रयोग आहे?" त्यांनी विचारले. "माझी साडी कुठाय? ही साडी नव्हे." त्यांची बोटे माझ्या हातांची टोके इतकी घट्ट धरू लागली की मला त्यांच्या नाडीचे ठोके कळत होते. लोकांना वाटले, बाई गंमत करताहेत. काही जण हसलेही. मोबाइल चालूच होते.

चेतना समोर आली, वाकली, तिने बाईंचे डोळे पाहिले आणि तिला सगळे कळले. ती म्हणाली, "बाई, आपण निघतोय हं." आणि तिने मला जोरात वळवले. वळताना माझी पायटेकणी त्या गृहस्थांच्या नडगीला लागली. त्यांच्या हातातला मोबाइल फरशीवर पडला आणि त्याची काच तडकली. ती चूक चेतनाइतकीच माझीही होती, मित्रांनो.

जवळच लहान बाळांच्या आयांसाठी एक खोली होती. तिथे कोणी नव्हते. चेतनाने मला आत नेले आणि दार लावून घेतले. रश्मीला तिने लगेच फोन केला. मग ती फरशीवर बसली, बाईंच्या पायांजवळ.

"प्रयोग सुरू झाला का?" बाईंनी विचारले. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मला काही आठवत नाहीये गं. लोक बसलेत बाहेर."

चेतनाने पाण्याची बाटली उघडली. मग ती म्हणाली, "नाही बाई. अजून तिसरी घंटा कुठे झालीय? वेळ आहे आपल्याला."

"पहिली झाली?"

"पहिली झाली. दुसरी व्हायचीय. तुम्ही पाणी घ्या."

बाईंनी पाणी घेतले. हळूहळू त्यांची पकड सैल झाली. त्यांनी पाठ टेकली. रश्मी धावत आली आणि दारातच उभी राहिली. घंटेचे बोलणे तिच्या कानावर पडले होते. तिचे डोळे भरून आले. दहा-बारा मिनिटे गेली. बाहेर विमानाची शेवटची सूचना झाली, तेव्हा चेतना उठली, तिने बाईंचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाई, तिसरी घंटा झाली."

काय सांगू तुम्हाला! माझ्यात बसलेली ती थकलेली पाठ ताठ झाली. मान वर गेली. हात मांडीवर आले, एकावर एक. दार उघडले, तेव्हा बाहेर तीच माणसे उभी होती. बाईंनी एकेकाकडे पाहिले आणि हात जोडले. डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर.  लोक आपोआप बाजूला झाले. मोबाइल खाली आले. एक आजी बाकावरून उठून उभ्या राहिल्या, मग बसलेले सगळेच उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांमधून आम्ही गेटपर्यंत गेलो. मी चौदा वर्षांत लाखभर फेऱ्या मारल्या असतील, पण अभिमानाने अंग भरून यावे अशी ती एकच.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. त्या गृहस्थांनी लिहिले होते की, एका मुलीने मुद्दाम खुर्ची अंगावर घातली, मोबाइल फोडला आणि एका वृद्ध कलावतीला बळजबरीने खोलीत नेऊन दार लावले. सोबत कोणीतरी काढलेली चित्रफीतही होती. ती पाहणाऱ्याला तसेच वाटले असते.

सुबोध सर आमचे पर्यवेक्षक. माणूस वाईट नव्हता. जिन्याखाली आमच्या शेजारीच त्यांचे टेबल होते, त्यामुळे मी सगळे ऐकले.

"चेतना, मला फक्त एक कारण दे," ते म्हणाले. "मी ते वर लिहून पाठवतो. थेट गेटवर का नाही नेलंस?"

"गर्दी झाली होती सर."

"गर्दी रोज होते. बारा मिनिटं दार लावून काय करत होतात? बाईंना बरं नव्हतं का? मग डॉक्टरांना का नाही बोलावलंस?"

चेतना माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता. "तसं काही नव्हतं सर," ती म्हणाली. "वळताना माझं चुकलं. मी त्या साहेबांची माफी मागते."

"एवढंच?"

"एवढंच."

सुबोध सरांनी कागद पुढे ओढला आणि चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितले. ते गेल्यावर मालन तिच्यावर तुटूनच पडली.

"वेडी आहेस का गं तू? सांगून टाक ना, बाई विसरतात म्हणून! त्यांना काय फरक पडतोय? इथे तुझ्या नोकरीची वाट लागलीय!"

"ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, मालनताई. पेपरात नाही, टीव्हीवर नाही. मग मी कोण सांगणारी?"

"आणि घरी काय सांगणार?"

"पप्पांना सांगेन, चौकशी चालू आहे म्हणून." एवढे बोलून तिने डबा पिशवीत ठेवला. जाताना तिने माझ्या चाकात अडकलेला दोरा काढला, तेवढाच तिचा निरोप.

ती नव्हती ते तीन आठवडे मला फार जड गेले. मला ढकलणारे हात होतेच, पण समोर येऊन वाकणारे कोणी नव्हते.

मग एके सकाळी मृणालिनीबाई परत आल्या. त्यांना आणायला मालन मला घेऊन गेली. रश्मीने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "त्या दिवशीची ती मुलगी कुठाय? तिचे आभार मानायचे राहून गेले."

"घरी बसवलंय तिला," मालन म्हणाली. "तुमच्यापायी." मालनला गोड बोलता येत नसे. तिने उभ्या उभ्या सगळे सांगितले. रश्मीचा चेहरा उतरला. आईचा आजार तिने दोन वर्षे जगापासून सांभाळून ठेवला होता. आता चेतनाला वाचवायचे तर तो लिहून द्यावा लागणार होता.

"काय झालंय?" बाईंनी विचारले. त्या सकाळी त्यांचे भान लख्ख होते.

रश्मी माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. "आई, गेल्या वेळी तू इथे गोंधळली होतीस. एका मुलीने ते झाकलं. कुणाला सांगितलं नाही. त्यासाठी तिची नोकरी जातेय."

 बाईंचे बोट माझ्या हातावर एकाच जागी फिरत राहिले.

"मग तू का झाकतेस?" त्या म्हणाल्या. "जा, सांग त्यांना. पन्नास वर्षं लोकांसमोर हसले, रडले. विसरायला मला कसली लाज? आणि आत्ताच जा. दुपारपर्यंत मीच हे विसरून जाईन."

मालनने तोंडाला पदर लावला.

त्या दिवशी सुबोध सरांच्या टेबलाशी बसून रश्मीने दोन पाने लिहिली. खाली बाईंनी स्वतः सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. चार दिवसांनी चेतना कामावर आली. सुबोध सर तिला म्हणाले, "मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "सर, ते माझं सांगायचं नव्हतं." त्यांनी मान हलवली आणि हजेरीच्या वहीतली तिच्या नावासमोरची लाल खूण स्वतः खोडली. पुढच्या महिन्यात बाईंनी आपल्या आजाराबद्दल वर्तमानपत्रात मोकळेपणी सांगितले. ते वाचून अनेक घरांतल्या लोकांनी आपल्या विसरणाऱ्या आईवडिलांना माणसांत न्यायला सुरुवात केली, असे मालन सांगायची. मृणालिनीबाई मोठ्या का, हे मला त्या सकाळी समजले होते.

नंतर माझे दिवस फिरले. हलक्या वजनाच्या नव्या खुर्च्या आल्या. माझे पुढचे चाक डावीकडे ओढू लागले. वंगण मागवण्याऐवजी मला जिन्याखाली भिंतीला लावून ठेवले. कोणी माझ्यावर फिनेलचे डबे ठेवले, कोणी ओली फडकी वाळत घातली. ज्या रेक्झिनसाठी त्या बाईने तीनदा टाके घातले होते, ते एका डब्याच्या कडेने फाटले. वर्षभर माझ्यात कोणी बसले नाही. मग भंगाराच्या यादीत माझा नंबर लागला.

यादी पाहून चेतना सुबोध सरांकडे गेली आणि रीतसर अर्ज देऊन तिने मला मागून घेतले. घाटकोपरला त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मला नेले. चेतनाच्या वडिलांनी नवे बेअरिंग घातले, वस्तीतल्या शिंप्याने बैठक शिवली. आता ज्याला गरज असेल त्याने मला न्यावे आणि पुसून परत आणून ठेवावे, अशी पद्धत आहे.

मित्रांनो, तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा दवाखान्यात माझी एखादी बहीण कोपऱ्यात उभी असेल. तिच्यावर सामान रचू नका. तिच्यात बसून शर्यती लावू नका. महिन्यातून एकदा चाकांत दोन थेंब तेल घाला आणि ब्रेक लागतो का ते पाहा. खुर्चीसाठी केलेल्या उताराच्या तोंडाशी स्कूटर उभी करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोला. त्याच्या डोक्यावरून मागच्या माणसाशी बोलू नका.

परवाच रविवारी वस्तीत डोळे तपासणीचे शिबिर होते. चेतना सुट्टीवर होती, म्हणून ती तिसऱ्या गल्लीतल्या शकुआजींना घेऊन गेली. आजींनी आयुष्यभर लोकांच्या घरी भांडी घासली. आता पाय चालत नाहीत. टेबलाशी बसलेल्या तरुणाने फॉर्म काढला आणि मान वर न करता चेतनाला विचारले, "आजींचं नाव काय?"

"त्यांना विचारा," चेतना म्हणाली. "त्या बोलतात."

तरुण ओशाळला. तो खुर्ची मागे सारून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्यासमोर वाकला. "आजी, तुमचं नाव?"

माझ्या पाठीवर टेकलेली ती पाठ पुढे झाली. आजींनी घसा साफ केला. मग मागे रांगेत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "शकुंतला दशरथ साळवे."

"बरं. आणि वय?"

"थांब रे," आजी म्हणाल्या. "आधी नाव नीट लिही. मला वाचून दाखव."